कोथरूड डेपो ते डेक्कन: मुलांबरोबर रोजच्या बसमध्ये काय खेळायचं?

एका बाबांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचार वर्षांचा. दोघांची शाळा डेक्कनजवळ, बाबांचं ऑफिसही तिकडेच. सकाळी कोथरूड डेपोवरून बस, चाळीसेक मिनिटं लागतात. आधी मोबाईल देत होते, पण उतरताना धाकट्याची रोज रडारड. मग इंटरनेटवरून खेळ शोधून आणले, तर दोन-तीन दिवसांत मुलं कंटाळतात. शिवाय बसमध्ये लोक बघतात, त्यामुळे अवघडल्यासारखं होतं. कोणते खेळ घ्यावेत आणि ते टिकवायचे कसे?

मी बालवाडीची शिक्षिका. माझी स्वतःची दोन्ही मुलं बालाजीनगरहून स्वारगेटच्या बाजूला माझ्याबरोबर पीएमटीनं यायची-जायची, आता अधूनमधून नात असते. (२००७ मध्ये पुण्याची शहर बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण आमच्या घरात ती पीएमटीच.) पालकसभेत हा प्रश्न जून-जुलैत हमखास येतो. तिथे जे सांगते तेच इथे जरा ऐसपैस सांगते.

तुम्ही विचारलंय ‘कोणते खेळ’, पण तुमच्याच मजकुरातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. रडारड प्रवासात होत नाही, उतरताना होते. कारण साधं आहे. मोबाईलवरचं कार्टून डेक्कनला संपत नाही. ते मध्येच तोडावं लागतं आणि तोडणारे तुम्ही असता. इंटरनेटवरून आणलेल्या खेळांचंही तसंच. ते बसमध्ये खेळले काय नि घरी गादीवर खेळले काय, काही फरक पडत नाही. सुरुवात तुम्ही करायची, रंगत तुम्ही आणायची, संपवायचंही तुम्हीच. मुलं कंटाळतात असं तुम्ही म्हणता. मला शंका आहे की आधी तुम्ही कंटाळत असाल आणि त्यांना ते कळत असेल. यात दोष कुणाचाच नाही. सकाळी साडेआठला मोठ्या माणसाच्या डोक्यात ऑफिस सुरू झालेलं असतं.

तेव्हा माझा सल्ला असा: खेळ घरून बरोबर नेऊ नका. तुमच्या रस्त्यावर जे रोज, त्याच क्रमानं येतं, त्यालाच एकेक छोटी गंमत जोडा. देऊळ आलं की ही, पूल आला की ती, उतरायच्या आधी अमुक. मग खेळ सुरू करण्याचं आणि संपवण्याचं काम तुमच्याकडे राहत नाही. पौड फाटा येतो म्हणून खेळ सुरू होतो, पौड फाटा मागे पडला की संपतो. त्यावर रुसून उपयोग नसतो, हे साडेचार वर्षांच्या मुलालाही समजतं.

या वयाच्या मुलाला ‘अजून पंधरा मिनिटं’ म्हणजे काय ते कळत नाही. क्रम मात्र पक्का कळतो. बालवाडीत आम्ही दिवस घड्याळावर सांगतच नाही: आधी प्रार्थना, मग डबा, मग मैदान, मग गोष्ट, मग आई. तुमच्या मुलाचं घड्याळ म्हणजे वनाज, पौड फाटा, नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन. ‘किती वेळ राहिला?’ असं त्यानं विचारलं तर मिनिटं सांगू नका, ‘अजून नळ स्टॉप आणि गरवारे’ असं सांगा. आठवड्याभरात तो विचारणं बंद करेल आणि तुम्हालाच सांगायला लागेल.

रोज तेच केलं तर मुलं कंटाळणार नाहीत का, असं पालक विचारतात. नाही कंटाळत. तीच गोष्ट पुन्हा सांगा म्हणणारी, आणि एक वाक्य गाळलं तर पकडणारी हीच मुलं. पुढे काय येणार हे आधी माहीत असणं यातच त्यांना मजा येते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे आहेत तिथे शाळा न्यायची आणि तिथे जे हाताशी आहे, पानं, खडे, बिया, त्यातूनच शिकवायचं. आम्हा बालवाडीवाल्यांचा तो पायाच आहे. तुमची मुलं रोज चाळीस मिनिटं कर्वे रोड-पौड रोडवर असतात, तर हाताशी कर्वे रोड-पौड रोड आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेते. बसायला जागा मिळते की नाही, हा पहिला मुद्दा. तुम्ही डेपोवरून चढता, म्हणजे बहुतेक मिळत असेल. अधल्यामधल्या स्टॉपवरून चढणाऱ्यांसाठी निम्म्या गोष्टी बदलतात, त्याबद्दल पुढे लिहिते. दुसरा मुद्दा, तुमच्या मुलांचा स्वभाव. काही मुलांना हॉर्न, गर्दी, अनोळखी अंगाचा स्पर्श याचा खरोखर त्रास होतो. अशा मुलाला खेळापेक्षा ‘आता पुढे काय’ याची शांत सूचनाच जास्त धीर देते. तिसरं, बस लागते का. मोबाईल किंवा पुस्तक खाली बघत वाचलं की काही मुलांना मळमळतं, कारण डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. लांब, बाहेर बघितलं की हे कमी होतं. म्हणून मी सुचवते ते सगळे खेळ मान वर करून खेळायचे आहेत.

सुरुवात बस येण्याआधी, स्टॉपवरच होते. खरा कंटाळा तिथे असतो, बसमध्ये नव्हे. इथलं काम मोठ्या मुलीला द्या: लांबून बोर्ड वाचायचा. आपल्याकडे बसचा नंबर मराठी आकड्यात असतो, आणि इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मुलांना ५ आणि ६ मध्ये, १ आणि ९ मध्ये घोळ होतो. ९४ लांबून ओळखता आला की तो घोळ कायमचा जातो. माझ्या ओळखीची कितीतरी मुलं मराठी अंक पीएमटीच्या बोर्डावर शिकली आहेत, आणि त्यांच्या बाईंना वाटतं वर्गात शिकली! धाकट्यासाठी सोपं ठेवा. पुढची बस कुठल्या रंगाची येणार ते आधी सांगायचं. बरोबर आलं तर टाळी, चुकलं तर बसला टाटा. दोन्हीत मजा सारखीच, म्हणजे हरण्याचा प्रश्न नाही. दोन भावंडांत साडेतीन वर्षांचं अंतर असताना जिंकण्या-हरण्याचे खेळ घ्यायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे. मोठी दर वेळी जिंकते किंवा धाकट्यासाठी मुद्दाम हरते, आणि दोन्ही तिच्यावर अन्याय.

बसमध्ये चढल्यावर तिकीट. आता फोनवर तिकीट काढता येतं, कोड स्कॅन करूनही पैसे देता येतात, आणि तुम्हाला ते सोयीचं असेल. तरी जमेल तेव्हा कंडक्टरकडून कागदी तिकीट घ्या आणि ते घेण्याचं काम मुलीला द्या. जून २०२५ पासून तिकिटाचे टप्पे दहा, वीस, तीस असे झाले आहेत, तेव्हा हिशेब आठ वर्षांच्या मुलीला तोंडी जमण्यासारखा आहे. ‘डेक्कन द्या’ हे तिनंच म्हणायचं, किती जण ते तिनंच सांगायचं, उरलेले सुट्टे तिनंच मोजून घ्यायचे. पहिले दोन दिवस आवाज फुटणार नाही. कंडक्टर ‘काय?’ म्हणून खेकसेलही. तुम्ही मध्ये पडू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच कंडक्टर असला तर ‘आज कुठं, मॅडम?’ असं विचारतो, आणि त्या दिवशी मुलगी जमिनीपासून वीतभर वर चालते. पूर्वी पातळ रंगीत तिकिटं असायची, आमची मुलं ती जमवून दुपारभर कंडक्टर-कंडक्टर खेळायची. आताच्या यंत्रातल्या तिकिटावरची अक्षरं काही दिवसांत उडून जातात, त्यामुळे संग्रहाची हौस भागत नाही. आणि ते तिकीट धाकट्याला तोंडात घालू देऊ नका.

खिडकीवरून भांडण होत असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी होतच असेल. त्याचीही वाटणी रस्त्यावर सोपवा. पौड फाट्यापर्यंत खिडकी धाकट्याची, पुढे ताईची, आणि पुढच्या आठवड्यात उलट. ‘वीस मिनिटं तू, वीस मिनिटं तो’ असं केलंत तर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या दिवशी न्याय करत बसाल. जागा बदलायची ती बस पूर्ण थांबल्यावरच, एवढा नियम कडक ठेवा.

पौड फाट्याला दशभुजा गणपतीचं देऊळ येतं. तुम्ही रोज बघत असाल, देऊळ आलं की बसमधले बरेच हात आपोआप छातीकडे जातात. फोनवर बोलणारा माणूससुद्धा बोलता बोलता नमस्कार करून घेतो. मुलं हे टिपतातच. त्याला जोडून एक खेळ आमच्या वर्गातल्या एका कुटुंबाचा, त्यांच्या परवानगीनं सांगते. दशभुजा म्हणजे दहा हात. देवळाच्या थोडं आधी धाकट्यानं हवी तेवढी बोटं दाखवायची, ताईनं उरलेली दाखवून दहा पूर्ण करायची. त्यानं तीन दाखवली तर तिनं सात. आवाज नाही, साहित्य नाही, अर्ध्या मिनिटात संपतो. लहान मुलासाठी दहाच्या जोड्या पक्क्या होणं हे पुढच्या सगळ्या बेरीज-वजाबाकीचं मूळ आहे, पण हे त्याला सांगायची गरज नाही. त्या घरातला मुलगा मुद्दाम दहाही बोटं दाखवायचा, म्हणजे ताईनं मूठ दाखवायची. रोज तोच विनोद, रोज तेवढंच हसू.

नळ स्टॉपला मजाच आहे. तिथे २०२२ पासून दुमजली पूल आहे: खाली रस्ता, मधे मोटारी, सगळ्यात वर मेट्रो. स्टॉप घेणारी बस खालूनच जाते. पुलाखाली शिरलं की उजेड कमी होतो, बसचा आवाज घुमतो. इथे कुजबुजीचा नियम करा: पुलाखाली असेपर्यंत फक्त कानात बोलायचं. दिवसातली एक गुपित गोष्ट, एकच, आणि पूल संपला की गुपित बंद. आमच्या सातारा रोडवर उड्डाणपुलाखाली हे चालायचं. मुलं जे घरी विचारून सांगत नाहीत ते इथे सांगतात. डबा कुणी खाल्ला, बाई का रागावल्या, चड्डी ओली झाली होती हेसुद्धा. तुम्हीही एक गुपित सांगा, नाहीतर ती चौकशी होते. आणि ‘लोक बघतात’ या तुमच्या अडचणीवरही हा खेळ बरा, कारण यात मुलं गप्प होतात. बसमध्ये मुलांचा आवाज अचानक कमी झालेला कुणाला नको असतो?

मोठीसाठी एक वेगळा, लांब चालणारा खेळ हवा. धाकट्याच्या गमती तिला वर्षभरात बाळबोध वाटायला लागतील. गाड्यांच्या पाट्या उत्तम. पुण्यात एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडच्या १४ सोडून बाकी नंबर शोधायचे. ११ दिसला तर सातारा, ०९ कोल्हापूर, १० सांगली, १३ सोलापूर, १५ नाशिक, १६ नगर, ४२ बारामती, ५० कराड. आमच्या सातारा रोडवर ११ आणि ५० ची रेलचेल असते, तुमच्याकडे थोडं शोधावं लागेल, म्हणून मजा जास्त. नंबर सापडला की प्रश्न एकच: ही गाडी इथे कशाला आली असेल? इथे घाई करू नका. ‘लग्नाला’ हे पहिलं उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी ‘दवाखान्यात’, मग ‘मुलाला हॉस्टेलला सोडायला’. पुढे मुलं त्या गाडीत आजी बसवतात, पिशवीत काय आहे ते ठरवतात, त्यांची वाट चुकवतात. एका बाईंचा मुलगा असा एका सोलापूरच्या गाडीतल्या कुटुंबाची गोष्ट कितीतरी दिवस चालवत होता, वेगवेगळ्या १३ नंबरच्या गाड्या दिसल्या तरी कुटुंब तेच.

बसमधल्या माणसांवर असा खेळ मात्र खेळू नका. ‘ते आजोबा कुठे चाललेत ओळख’ हा खेळ मोठ्यांना गोड वाटतो, पण चार वर्षांचं मूल बोट दाखवून आणि मोठ्यानंच ओळखतं. त्या आजोबांना ते सोसावं लागतं.

गाण्यांच्या भेंड्या? सहलीच्या बसमध्ये जरूर. रोजच्या बसमध्ये माझा विरोध आहे. एक तर आवाज, दुसरं म्हणजे भेंड्यांना शेवट नसतो, पुन्हा तोडायची वेळ तुमच्यावर. त्याऐवजी पाट्यांवरचं अक्षर घ्या. आज ‘क’, म्हणजे दुकानांच्या पाट्यांवर क शोधायचा, नळ स्टॉप ते गरवारे एवढ्याच टप्प्यात. धाकटा अक्षर शोधेल, ताई पूर्ण शब्द वाचेल. काय वाचलं ते हळू सांगायचं. पुणेरी पाट्यांचं एक सांगते: मुलं त्यातला खोचकपणा फार लवकर उचलतात. ‘येथे गाडी लावल्यास’ची पाटी वाचून आलेल्या एका मुलानं आमच्या वर्गात आपल्या बाकावर तसलीच चिठ्ठी लावली होती.

आता गर्दीचं. उभं राहावं लागलं तर लहान मुलाला फक्त लोकांचे कमरपट्टे आणि पिशव्या दिसतात. त्याला ‘बाहेर बघ’ म्हणण्यात अर्थ नाही. अशा वेळी डोळे मिटून ओळखायचं, आपण कुठे आहोत. ब्रेक लागला, बस डावीकडे झुकली, पुलाखालचा घुमणारा आवाज आला, खाली उतरणाऱ्यांची गडबड सुरू झाली. रोजच्या रस्त्यावर मुलांना हे चकित व्हावं इतकं जमतं. फक्त मूल तुमच्या आणि उभ्या दांड्याच्या मधे असू द्या, दोन्ही हात दांड्याला, दप्तर तुमच्याकडे, दारापासून लांब. त्याला वरच्या कडीला लोंबकळू देऊ नका, कितीही मागितलं तरी. फारच चेंगराचेंगरी असेल त्या दिवशी खेळ नको. बोटं दाबायची, एवढंच पुरे.

बोटं दाबण्यावरून आता मुख्य गोष्टीवर येते, कारण तुमचं दुखणं उतरण्याचं आहे. बसची घंटा कशी असते ते मुलांना समजावा: एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल. कंडक्टर ‘डबल बेल’ देतो ती हीच. नव्या विजेच्या बसमध्ये दोरी ओढून घंटा वाजवणं दिसत नाही, तरी खूण मुलांना लगेच पटते. हीच खूण तुमच्या कुटुंबाची करा. गरवारे कॉलेज मागे पडलं की धाकट्यानं तुमच्या तळहातावर एकदा बोट दाबायचं: एक बेल. त्याचा अर्थ, आता आपण आवरतो. बाटली आत, चेन बंद, दप्तर पाठीवर, हात हातात. ही बेल देण्याचा हक्क फक्त त्याचा. तुम्हाला कितीही घाई असली तरी ‘चला आता आवरा’ म्हणायचं नाही. विसरला तर ‘काहीतरी राहिलंय का?’ एवढंच विचारा. मग उतरायचं. फुटपाथवर पाय टेकले की सगळे थांबतात. सगळे आहेत का ते ताई बघते आणि ती डबल बेल देते. ती मिळेपर्यंत कुणीही पाऊल टाकायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

यात तीन कामं एकदम होतात, म्हणून मी यावर इतका वेळ घेतेय. उतरण्याची सूचना बाहेरून येत नाही, रडणारा मुलगाच ती देतो. स्वतः दिलेल्या हुकमावर कुणी रडत नाही. आवरायला एक स्टॉपभर वेळ मिळतो, त्यामुळे दारात ओढाताण होत नाही. आणि सगळ्यात मोलाचं, बसमधून उतरल्या-उतरल्या मूल रस्त्याकडे पळत नाही. डेक्कनला उतरल्यावर दुचाक्या कशा येतात ते तुम्हाला माहीत आहे. सगळं सोडून एकच करायचं असेल तर हे करा.

मोबाईलचं काय? तो एका दिवसात हिसकावून घेऊ नका. उलट्या बाजूनं या. पहिल्या आठवड्यात मोबाईल चालू द्या, पण पौड फाट्याला तो पिशवीत. तिथून दशभुजा, नळ स्टॉप, एक बेल एवढंच सुरू करा. कार्टून निम्म्यावर तुटलं म्हणून तिथे थोडं कुरकुरणं होईल, पण उतरायच्या आधी शांत व्हायला अर्धा रस्ता हाताशी असतो. पुढच्या आठवड्यात मोबाईल वनाजला पिशवीत. त्यानंतर बहुधा मागायचाच विसरतील. नाही विसरले तर डेपोवर बस सुटेपर्यंत देऊ शकता. तुमचा स्वतःचा फोनही त्याच पिशवीत गेला तर निम्मं काम होतं. ऑफिसचा फोन आला तर घ्या, त्याचं मुलांना काही वाटत नाही. सतत खाली बघणारा बाप मात्र त्यांना दिसतो.

सगळं एकदम सुरू करू नका. एक-दोन गमती रुजल्या की तिसरी मुलंच काढतात, आणि मुलांनी काढलेली जास्त टिकते. आमच्या घरात एका सिग्नलला अजून ‘छत्रीचा सिग्नल’ म्हणतात, तिथे छत्री विसरल्याचं माझ्या मुलाला बस सुटल्यावर आठवलं होतं. तिथे पोहोचलं की सगळ्यांनी आपापली वस्तू चाचपून बघायची, हा नियम त्यानंच केला. नात ती छत्री हरवल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मली, पण तीही दप्तर चाचपते. पंचमी हॉटेलच्या आसपास पर्वती दिसली की टेकडीला हात करायचा, हेही कुणी ठरवलं ते आता आठवत नाही.

खाऊबद्दल. बसमध्ये खाणं मला पसंत नाही, पण शाळा लांब असेल तर पोटात काहीतरी लागतं. साडेचार वर्षांच्या मुलाला चालत्या बसमध्ये शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नका. ब्रेक लागला की ते घशात अडकू शकतं. केळं किंवा राजगिऱ्याची वडी चालेल, आणि सालं-कागद आपल्याच पिशवीत.

परतीचा प्रवास तुम्ही विचारला नाही, तरी सांगते: सकाळचं काहीही संध्याकाळी करू नका. मुलं दमलेली असतात, ‘आज शाळेत काय झालं?’ला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. डोकं मांडीवर, बाहेर बघत गप्प बसणं, डुलकी लागली तर लागू दे. फक्त एक बेल आणि डबल बेल संध्याकाळीही हवी, कारण झोपेतून उठून उतरणारं मूल सगळ्यात बेसावध असतं. डेपो शेवटचा थांबा असल्यानं तुम्हाला घाई नाही. सगळ्यांना उतरू द्या आणि मग उठा.

लोक बघतात त्याचं मनावर घेऊ नका. खेळाचा आवाज आपल्या सीटच्या पुढे गेला नाही की पुण्यातली बस सहसा काही म्हणत नाही. उलट थोड्या दिवसांनी मागच्या सीटवरच्या काकू ‘आज दहा नाही केले का रे?’ असं विचारतील. त्यांना खेळात घ्यायचं की नाही ते मुलांना ठरवू द्या.

एक दिवस मुलगी म्हणेल, ‘बाबा, नको ना, माझ्या वर्गातली मुलगी बसमध्ये आहे.’ त्या दिवसापासून तिला सोडून द्या, मन वळवू नका. तिला कंडक्टरचं काम ठेवा: तिकीट, हिशेब, डबल बेल. हे मैत्रिणीसमोर करायलाही लाज वाटत नाही.

आणि ज्या दिवशी मुलांना आई नेईल, त्या दिवशी तिला यादी लिहून देऊ नका. मुलांना सांगा, आईला यातलं काही माहीत नाही, तुम्ही शिकवा. तिची पहिली दोन-तीन देवळं, पूल, बेल चुकतील. धाकटा तिला प्रत्येक ठिकाणी थांबवून दुरुस्त करेल, आणि त्यात डेक्कन कधी आलं ते दोघांनाही कळणार नाही; म्हणून गरवारेला लक्ष ठेवायला ताईला बजावून ठेवा.